पप्पांचा उजवा कान

पप्पांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, हे आमच्या घरात तिघांनाही ठाऊक होतं: पप्पांना, आईला आणि मला. पण ते तोंडानं कुणी म्हणायचं नाही. आई म्हणायची, "त्यांच्या कानाला दडा बसलाय." जणू परवाच विहिरीत पोहून आले. तो दडा बसून दोन उन्हाळे होऊन गेले होते. रोज दिवेलागणीला आई लोखंडी पळीत खोबरेल तेल तापवायची, त्यात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईस्तोवर तळायची, आणि तेल कोमट झालं की पप्पांनी सोफ्यावर डाव्या कुशीवर पडायचं. आखाती देशातल्या आमच्या मन्खूल वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये उदबत्तीपेक्षा लसणाचाच वास जास्त. लिफ्टचं दार उघडलं की वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई विचारायची, आज क्या स्पेशल बनाया? आई हसून काहीतरी भाजीचं नाव सांगायची. घरातलं घरात, हा आमच्याकडचा कडक कायदा होता. उंबऱ्याबाहेर आम्ही सगळे ठणठणीत.

डॉक्टरचं नाव काढलं की पप्पा चिडायचे. "एकदा क्लिनिकच्या कागदावर चढलं की अरबाबच्या कानावर जायला किती वेळ लागतोय?" अरबाब म्हणजे पप्पांचे मालक, बू सालेम. पप्पांचा व्हिसा त्यांच्या फार्मचा, फ्लॅट त्यांच्या नावावर, म्हणजे आमचं तिघांचं त्या देशात असणंच त्यांच्या हातात. माणूस चांगला होता, वाईट अजिबात नव्हता. पण पप्पांचं काम असं होतं, की कान गेला म्हणजे काम गेलं.

ते काम काय होतं हे सांगायला मला आजही जरा वेळ लागतो. माझी लेक ऐकून घेत नाही. "ममा, दॅट्स सो क्रुएल," म्हणते आणि खलिफा सिटीतल्या आमच्या थंडगार हॉलमध्ये चिकन नगेट्स खात बसते. तर, अल ऐनच्या रस्त्याला आत वळून बू सालेमची मोठी कुंपण घातलेली जमीन होती. घाफची झाडं, वाळूच्या लाटा, मधे मधे खुरटी झुडपं. मोकळ्या वाळवंटात शिकारीला बंदी. पण इथे परवाना घेऊन, पाळलेले चकोर आणि तितर सोडायचे आणि हिवाळ्यात शुक्रवारी शिकार करायची. पप्पा मूळ कोल्हापूरकडचे, आले ते बू सालेमच्या बांधकामांवर सुपरवायझर म्हणून. आयुष्यभर जनरेटर आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी उभे राहिले, उजवा कान तिथंच गेला. मग एकदा बू सालेमनी परदेशातून एक शिकारी कुत्री आणली, ती कुणाला जुमानेना. पप्पांच्या गावाकडं कुत्री आणि शिकार दोन्हींचा नाद पिढीजात. त्यांनी तिला हाताशी घेतलं, नाव ठेवलं हिरा, आणि पुढच्या हिवाळ्यात पप्पांची साइट सुटली ती कायमची.

हिरा पांढरी, कानांवर तांबूस ठिपके. तिची जात पक्ष्यावर झडप घालणारी नव्हे. झुडपात चकोर दडून बसलेला असला की तिला वास यायचा आणि ती जागच्या जागी थांबायची. शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, नाक पक्ष्याच्या दिशेला. श्वास तेवढा चालू. मग बंदूकवाले आपापल्या जागी यायचे आणि पप्पांनी पुढे जाऊन काठीनं झुडूप हलवायचं. पक्षी फडफडत वर उठला की बार. पक्षी उठवणारा माणूस बंदुकांच्या पुढे असतो, हे लक्षात घ्या. त्यामुळं एक पद्धत ठरलेली होती. पक्षी खालूनच, माणसाच्या उंचीनं उडाला तर बंदूकवाला ओरडायचा, "इन्झिल", म्हणजे खाली हो. आणि पप्पांनी मागं न बघता, होते तिथं फतकल मारायची. बार डोक्यावरून जायचा. बू सालेम स्वतः असा बार कधी काढत नसत. पाहुणे काढायचे. परवा बसमधून उतरताना मागचा माणूस कुणाला तरी "इन्झिल, इन्झिल" म्हणाला, तर मी पायरीवरच वाकले. लोकांना वाटलं बाईला चक्कर आली.

दडा वाढला, डाव्या कानानंही जवळचंच काय ते ऐकू येऊ लागलं, तसं पप्पांनी एक शक्कल काढली. बू सालेमना पटवलं, की जमीन मोठी आहे, एक कुत्रं पुरत नाही, दुसरं घेऊया. दुसरं आलं, त्याचं नाव मी ठेवलं बंडू. बू सालेम त्याला बंदू म्हणायचे. बंडूला शिकवायला आम्हाला अख्खं वर्ष लागलं, कारण दोन कुत्र्यांची शिकार ही एका कुत्र्याच्या दुप्पट नसते, ती वेगळीच विद्या आहे. एकानं पक्षी धरला, म्हणजे वासानं धरला, की दुसऱ्यानं तो दिसेल तिथं थांबायचं. स्वतःला वास आला नसला तरी थांबायचं. पुढं घुसायचं नाही, मोठीचा पक्षी उडवायचा नाही. पप्पा याला 'मान ठेवणं' म्हणायचे. "बघ, बंडूनं मान ठेवला," म्हणून त्यांचे डोळे भरून यायचे. मी दहावीला फर्स्ट क्लास आणला तेव्हा काही भरून आले नव्हते.

पण बंडू खरा कशासाठी आणला होता, ते मला कळायला वेळ लागला नाही. पप्पा नेहमी अशी मांडणी करायचे: बू सालेम डावीकडं, चांगल्या कानाच्या बाजूला, मी बंडूला लांब दोरीवर घेऊन उजवीकडं. हिरा पुढं थांबली की बंडू उजवीकडं, पप्पांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात मावेल असा थांबायचा. झुडूप हलवताना पप्पा हिराकडं बघायचे आणि एक नजर बंडूच्या कानांवर ठेवायचे. उजवीकडं काही पळालं, फडफडलं, की बंडूचे कान उभे राहायचे आणि पप्पा वळायचे. हिरा पक्षी शोधायची आणि बंडू पप्पांसाठी ऐकायचा. बू सालेम कौतुकानं म्हणायचे, "तुम्हारा दोनों कुत्ता एकदम इंजिनीयर है." पप्पा मान डोलवायचे. मी वाळूकडं बघत राहायचे.

एकोणीस वर्षांच्या पोरीनं शुक्रवारी पहाटे उठून कुत्र्याची दोरी धरायला जायचं, हे आईला पसंत नव्हतं. पण तिलाही ठाऊक होतं की मी का जाते. गुरुवारी संध्याकाळी ती मसाला भाजायची, तांबडा रस्सा करायची, ज्वारीच्या पिठासाठी पप्पांना बाजारभर फिरवायची. एक डबा आमचा, एक बू सालेमचा. त्यांना तो रस्सा इतका आवडायचा की डोळ्यातून पाणी काढत प्यायचे आणि परतीला आमच्या गाडीत खजूर आणि गहू-मटणाच्या हरीसचं भांडं ठेवायचे. चकोर शिजवायला मात्र आईचा जीव कचरायचा. "चांदणं पिणारं पाखरू ते, आणि मी त्याला कांदाखोबरं लावू?" म्हणायची. मग लावायची, आणि चव बघताना "मीठ कमी आहे का गं," असंही विचारायची.

त्या शुक्रवारी बू सालेमबरोबर त्यांचा मेव्हणा राशिद आला होता. तरणा, चपळ, नवी बंदूक. वाईट माणूस नव्हे. पण त्याला घाई होती आणि आपलं म्हणणं लगेच व्हावं अशी सवय होती. सूर्य नुकताच वर आला होता, वाळू अजून गार होती. पप्पांनी नेहमीप्रमाणं मांडणी सांगितली. राशिद म्हणाला, "नहीं, उधर मेरी आँख में सूरज आता है. मैं राइट में चलेगा." आणि बंडूकडं हात करून म्हणाला, "इसको छोड़ो, रस्सी निकालो. लेफ्ट में भेजो. दो कुत्ता साथ-साथ क्यों चलाता है?"

म्हणजे उजवीकडं अनोळखी बंदूक, आणि बंडू पप्पांच्या नजरेच्या पार मागं, डावीकडं. मी पप्पांच्या डाव्या बाजूला गेले आणि मराठीत हळूच म्हणाले, "पप्पा, सांगा की त्यांना."

"काय सांगू?"

"काहीही सांगा. बंडूला दोरीशिवाय जमत नाही म्हणून सांगा."

"चल तिकडं," पप्पा म्हणाले. आवाज असा, की पुढं बोलायची सोय नाही.

बू सालेमनी विचारलं, "क्या बोलती है बेटी?"

"कुछ नहीं अरबाब, धूप का बोलती है."

मी बंडूची दोरी सोडली आणि डावीकडं गेले. चालताना मला पप्पांचा इतका संताप आला होता, की दोन्ही हातांच्या मुठी दुखायला लागल्या. परक्यासमोर वडिलांना खोटं पाडायचं नाही, हे आमच्या रक्तात. बंडूला आम्ही वर्षभर जे शिकवलं ते मला कुणी न शिकवताच येत होतं.

पहिला पक्षी बरा गेला. हिरा थांबली, बंडूनं लांबून तिला बघितलं आणि दोरी नसतानाही जागच्या जागी थांबला. चकोर सरळ वर, डावीकडं उठला. बू सालेमनी पाडला. पप्पांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, 'बघ, काय झालं का?' अशा चेहऱ्यानं. मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

मग चालता चालता राशिद पप्पांना काहीतरी विचारू लागला. पप्पा पुढं बघत चालत राहिले. त्यानं परत विचारलं. पप्पा वाकून हिराच्या पायातला काटा बघायला लागले. राशिद बू सालेमकडं वळला आणि अरबीत काहीतरी बोलला, त्यात हसणं होतं पण ते चांगलं नव्हतं. बू सालेमनी डावीकडून हाक मारली, "अरे भाई, राशिद कुछ पूछता है तुमको." पप्पा गडबडीनं ताठ झाले. "सॉरी, सॉरी. हवा बहुत है आज." हवा काडीची नव्हती. घाफचं पान हलत नव्हतं. बू सालेमनी झाडाकडं बघितलं, मग पप्पांकडं बघितलं.

मला वाटलं आता बू सालेम शिकार थांबवतील. वाटलं आपण जावं आणि पोट दुखतंय म्हणावं, चक्कर आली म्हणावं. तेवढ्यात एका पसरलेल्या घाफपाशी हिरा थांबली. अशी थांबली की तिच्या पाठीवरचे केस दिसत होते उभे राहिलेले. पक्षी एकटा नव्हता, थवा होता. बंडूनं तिला बघितलं आणि तोही थांबला, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. राशिद उजवीकडं पुढं सरकला, जास्तच पुढं, आणि बंदूक छातीशी आणली. पप्पा काठी घेऊन एकेक पाऊल टाकत झाडाकडं निघाले.

चकोर लगेच उडत नाही. आधी पळतो. फांद्यांखालून काहीतरी करडं उजवीकडं पळालेलं मला दिसलं. बंडूलाही ऐकू आलं. त्याचे कान उभे राहिले, मान उजवीकडं वळली आणि वर्षभर शिकवलेलं मोडून त्यानं चक्क दोन पावलं टाकली. त्यानं जे करायला हवं होतं ते नेमकं केलं. फक्त ते बघायला पप्पांचे डोळे तिकडं नव्हते. पप्पा हिराच्या नाकासमोरचं झुडूप काठीनं हलवत होते, रिकामं.

थवा उठला तो उजव्या अंगानं, खालून, पप्पांच्या पाठीमागून वळसा घेत. राशिद ओरडला, "इन्झिल!" आणि बंदूक खांद्याला. पप्पा उभे. "इन्झिल, इन्झिल!" पप्पा काठीनं फांदी वर उचलून खाली डोकावत होते. राशिदची नजर पक्ष्यावर होती, माणूस बसला असणार हे तो धरूनच चालला होता, सगळेच बसतात. नळी पक्ष्याबरोबर फिरत पप्पांकडं येत होती.

मी धावत होते हे मला नंतर कळलं. घशातून आवाज निघाला तो माझा वाटेना. "मत मारो! मेरे पप्पा बहरे हैं! बहरे हैं!"

नळी वर गेली आणि बार सुटला. छर्रे घाफच्या शेंड्यात गेले. बारीक पानं आणि काटक्या पप्पांच्या टोपीवर पडल्या. तेवढा आवाज मात्र त्यांना पोचला. ते वळले, तोंडभर हसत, आणि राशिदला म्हणाले, "गिरा क्या, साब?"

पप्पा पडलेला पक्षी शोधत वाळूवर नजर फिरवायला लागले, डोळ्यांवर हात धरून. हिरा अजून तशीच थांबलेली होती, कारण तिला कुणी सोडलंच नव्हतं. राशिदचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं बंदूक वाळूत ठेवली. बू सालेमनी आपली बंदूक उघडून काडतुसं काढली. मग ते सावकाश चालत पप्पांकडं गेले, मुद्दाम उजव्या बाजूनं, अगदी खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि हळू आवाजात त्यांचं नाव घेतलं. पप्पा हिराला थोपटत होते. बू सालेमनी परत नाव घेतलं. मग ते वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि म्हणाले, "खलास. यल्ला, घर चलो."

त्या वळशात पप्पांना सगळं कळलं. हसू गेलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसला, ते मी लिहिणार नाही. तेवढं माझ्यापाशी राहू दे.

घरी आईनं दार उघडलं, "आज लवकर?" पप्पा सरळ बेडरूममध्ये गेले. मी आईला ओट्यापाशी सगळं सांगितलं. आधी ती भिंतीला टेकली, "जीव वाचला गं बाई," म्हणाली, देवासमोर हात जोडले. आणि मग वळून म्हणाली, "पण चारचौघांत तो शब्द? दुसरं काही ओरडता आलं नाही तुला?"

"काय ओरडू? त्यांच्या कानाला दडा बसलाय, असं?"

आईनं गॅस बंद केला. त्या दिवशी रस्सा तसाच राहिला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. एका टेबलावर बसून "तिला म्हणावं मीठ दे," असं आईला सांगायचे. फार्मवरून निरोप नाही, ड्रायव्हर नाही. आई बॅगा कुठं ठेवल्यात ते बघून आली आणि बघितल्याचं नाकारलं. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की परत तसं घडलं तर मी परत तेच ओरडेन, आणखी मोठ्यानं. पण कुणी विचारत नव्हतं, त्यामुळं मी ते मनातल्या मनात भांड्यांना सांगायचे, घासताना. आजही सांगते. बाप जिवंत हवा होता मला. मानाचं नंतर बघितलं असतं.

मग एका संध्याकाळी बू सालेम स्वतः आले. आमच्या त्या छोट्या हॉलमध्ये, सोफ्यावर, पप्पांच्या डाव्या हाताला बसले आणि आईच्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, कुत्री तुमच्याच हातात राहतील, शिकवायचं काम तुमचंच. "लेकिन बंदूक के आगे तुम नहीं जाएगा. कभी नहीं. और डॉक्टर को दिखाएगा." कप खाली ठेवून म्हणाले, "राशिद सोता नहीं है." पप्पा "जी अरबाब," "जी अरबाब," म्हणत राहिले. पाहुण्यांना लिफ्टपर्यंत पोचवून आले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आई रडत होती. राहायला मिळालं म्हणून की काय, कोण जाणे.

थोड्या वेळानं पप्पांनी हाक मारली, मला, माझ्या नावानं. "मंजू, इकडं ये."

मी तयारीनंच गेले. इतक्या दिवसांची उत्तरं साठवलेली होती माझ्याकडं. खाली रस्त्यावर गाड्यांचे लाल दिवे लागले होते. पप्पा कठड्यावर कोपरं टेकून उभे होते.

"त्या दिवशी तू ओरडलीस."

"हो."

"काय ओरडलीस?"

मला वाटलं आता फैलावर घेणार. "तुम्हाला माहितीय काय ओरडले."

"नाही माहिती," पप्पा म्हणाले. "तुझं तोंड उघडलेलंसुद्धा मला दिसलं नाही, माझी पाठ होती. वळलो तर सगळी माझ्याकडं बघायला लागलेली. तू ओरडलीस एवढंच अरबाब म्हणाले, काय ते सांगत नाहीत. तुझी आई सांगत नाही. म्हटलं तुला विचारावं."

इतके दिवस मी धरून चालले होते, की त्यांना त्या शब्दाचा राग आलाय. त्यांनी तो शब्द ऐकलाच नव्हता. मी खाली मान घालून पुटपुटले.

पप्पा माझ्या दुसऱ्या अंगाला आले. डावा कान माझ्याकडं केला. "नीट सांग."

"मेरे पप्पा बहरे हैं. असं ओरडले."

"हिंदीत?"

"राशिदला मराठी कुठं येतं?"

"ते खरंय," पप्पा म्हणाले. मग म्हणाले, "मराठीत सांग."

"पप्पा..."

"सांग गं."

"पप्पा, तुम्ही बहिरे आहात."

त्यांनी मान हलवली, एखादं माप बरोबर आल्यावर हलवायचे तशी. "उद्या डॉक्टरकडं जायचंय," म्हणाले. "आईला नको, तू चल बरोबर. तो काय म्हणेल ते मला असंच सांग."